खासगी वेगळी, दौलत वेगळी

घरखर्च आवरायचे ठरले की पहिला हात दुधाच्या पातेल्याकडे जातो. दीड लिटरचे सव्वा लिटर होते, फोडणीचे तेल चमच्याने मोजले जाते, मुलांच्या डब्यातला सुका मेवा बंद होतो आणि फळे उपासाच्या दिवसापुरती उरतात. रामबाग असो की सुदामानगर, इंदूरच्या मराठी मध्यमवर्गीय घरांत बचतीचा अर्थ वर्षानुवर्षे हाच लावला गेला: घरातल्या बाईने स्वयंपाकघरात हात आखडता घ्यायचा. ही बचत चुकीच्या जागी होते, चुकीच्या माणसावर लादली जाते आणि हिशेबालाही टिकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाव लिटर दूध कमी केले तर रोजचे पंधरा-सोळा रुपये, म्हणजे महिन्याला साडेचारशे ते पाचशे रुपये वाचतात. त्याच घराचे विजेचे बिल १५० युनिटांऐवजी १६० युनिटांचे आले, तर सरकारी सवलत सुटून तेवढेच पैसे, बहुधा जास्तच, एका फटक्यात जातात. दुधाची कपात रोज मुलाच्या पेल्यात दिसते. ते दहा युनिट कुणालाच दिसत नाहीत, कारण ते बैठकीतल्या पंख्याने आणि रात्रभर जागणाऱ्या सेट टॉप बॉक्सने खाल्लेले असतात.

केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात शहरी कुटुंबांच्या खर्चातला अन्नाचा वाटा ४० टक्क्यांच्या जरा आत आला. अन्नावरच्या त्या खर्चातही सर्वांत मोठा हिस्सा धान्याचा नाही आणि दुधाचाही नाही. तो पेये, बाहेरचे खाणे आणि तयार पदार्थ यांचा आहे. धान्य तर एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांच्या आत बसते. कर्जाचे हप्ते या सर्वेक्षणात उपभोग म्हणून धरलेच जात नाहीत, ते याखेरीज. म्हणजे जिथे आपण रोज कात्री चालवतो ती जागा लहान आहे, आणि जिथून पैसा खरोखर वाहून जातो तिथे वर्षातून एकदाही नजर जात नाही.

विजेपासूनच सुरुवात करतो, कारण आपल्या मध्य प्रदेशात विजेचा हिशेब इतर राज्यांपेक्षा वेगळा आहे. अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटांपर्यंत राहिला तर पहिल्या १०० युनिटांचे १०० रुपये लागतात आणि वरच्या ५० युनिटांना नेहमीचा दर लागतो. १५० ची रेषा ओलांडली की सवलत संपूर्ण जाते, फक्त वरच्या युनिटांपुरती नाही. शंभर युनिटांना जिथे एकेक रुपया पडत होता तिथे साडेचार-पाच रुपये पडतात. एवढ्यानेच जवळपास चारशेचा फरक होतो. वर पुढच्या टप्प्याचा चढा दर आणि वाढलेला स्थिर आकार. उतार नव्हे, सरळ कडाच आहे ही.

चार माणसांच्या, एसी नसलेल्या घराचा महिना मांडून पाहा. ७५ वॅटचे दोन जुने पंखे रोज चौदा तास चालले तर ६३ युनिट. फ्रिजला दिवसाला एक धरून ३०. टीव्ही पाच तास, १५. चार एलईडी दिवे, साडेसहा. इंटरनेटचा राउटर ८ वॅटचा असला तरी चोवीस तास चालतो, म्हणून सहा. टीव्ही बंद असतानाही सुरू राहणारा सेट टॉप बॉक्स आणखी सहा. पाण्याची मोटर, मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशीन आणि थोडा गीझर मिळून पंचवीसेक. बेरीज दीडशेच्या अगदी काठावर येते. अशा घरात दोन पंखे बदलून ३० वॅटचे, कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे लावले की ६३ चे २५ होतात आणि घर ११५ च्या आसपास स्थिरावते. एक पंखा साधारण अडीच ते तीन हजारांना मिळतो. नुसता युनिटमागचा दर धरला तर किंमत वसूल व्हायला तीनेक वर्षे लागतात. पण ज्या घराला तो रेषेच्या आत आणतो, तिथे दोन्ही पंख्यांचे पैसे बरेच लवकर फिटतात. म्हणून आधी गेल्या बारा महिन्यांची बिले काढावीत आणि १५० ते १९० च्या दरम्यान किती महिने आले ते मोजावे. तीन-चार महिने तसे असतील तर पंखे आज बदलावेत. वापर २५० च्या वर असेल तर घाई नको. जुना पंखा बिघडेल तेव्हा बदलला तरी चालेल.

इथे एक चूक हमखास होते. बीएलडीसी पंखा जुन्या रेग्युलेटरवरच चालवला जातो. या पंख्याचा वेग रिमोटवर असतो; रेग्युलेटर वायरमनकडून काढून घ्यावा, नाहीतर आतला सर्किट बोर्ड जळू शकतो आणि बचत दुरुस्तीत जाते. पावती आणि वॉरंटी कार्ड जपून ठेवावे, कारण या पंख्यांत जातो तो बहुतेकदा बोर्डच.

उन्हाळ्यात दीड टनाचा चांगला एसी ताशी एक युनिट घेतो. आठ तास चालवला तर महिन्याचे २४० झाले. १५० चा विचार तेव्हा सोडून द्यावा. पण २४ अंशांवर ठेवून पंखा जोडीला लावावा, कारण तापमान एका अंशाने वाढवले तर सुमारे सहा टक्के वीज कमी लागते. १८० वॅटचा कूलर दहा तासांना ५४ युनिटांत भागवतो. माळव्याच्या पठारावरच्या रात्री मे महिन्यातही बऱ्यापैकी उतरतात, हवा कोरडी असते, आणि कूलरला हवे असते ते नेमके हेच. पावसाळी दमटपणात मात्र तो कामाचा नाही. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढावा. दारात कागद धरून दार लावावे. कागद अलगद निघून आला तर रबर सैल झाले आहे आणि कॉम्प्रेसर रात्रंदिवस राबतो आहे.

दिवसाला पाच युनिट हे माप लक्षात ठेवले की महिन्याच्या शेवटाची वाट पाहावी लागत नाही. दर रविवारी मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहावा. आठवड्याला ३५ च्या पुढे गेला तर उरलेल्या दिवसांत सावरायला वेळ मिळतो. भाडेकरूंची स्थिती मात्र वेगळी आणि अन्यायाची आहे. एकाच मुख्य मीटरवर तीन बिऱ्हाडे असली की सगळ्यांचा मिळून वापर रेषा ओलांडतो, सवलत कुणालाच मिळत नाही, आणि सबमीटरवर भाडेकरूकडून युनिटमागे आठ-दहा रुपये घेतले जातात. सर्वांत कमी वीज वापरणारे बिऱ्हाड सर्वांत महाग वीज घेते. स्वतंत्र मीटर हा भाडेकराराचा भाग असला पाहिजे, आणि सवलतीचा कडा तोडून तिथे पायऱ्या केल्या पाहिजेत: १५० नंतर सवलत थोडी थोडी कमी व्हावी. लोकप्रतिनिधींकडे मागायची ही गोष्ट आहे. घरात दिवे मालवून ती मिळणार नाही.

दुसरी मोठी गळती क्रेडिट कार्डाच्या ‘किमान देय’ रकमेत आहे. समजा २०,००० रुपये थकले आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे. व्याज ७०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १२६, मिळून ८२६. पाच टक्के किमान देय म्हणजे १,००० रुपये भरले, तर मुद्दलातून उतरतात फक्त १७४ रुपये. शिवाय पूर्ण रक्कम भरली नाही की बिनव्याजी मुदत उडते आणि पुढच्या महिन्यातल्या किराण्यावरही खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होते. म्हणजे कार्डावर घेतलेले तेल, साखर, साबण हे सगळे दरसाल चाळीस टक्क्यांनी घेतलेले उधारीचे सामान होते.

अनेक घरांत एकीकडे ही थकबाकी आणि दुसरीकडे पोस्टात किंवा बँकेत आवर्ती ठेव असे शेजारी शेजारी चाललेले असते. ठेव मिळवून देते सहा-सात टक्के आणि थकबाकी नेते चाळीस. ठेव मोडायला मन धजत नाही, कारण ती ‘बचत’ वाटते. ती मोडावी. मोडून कार्ड पूर्ण फेडावे. तेवढ्याने भागत नसेल तर दागिन्यांवरचे बँकेचे कर्ज घ्यावे. त्याचा दर कार्डाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतका असतो, आणि दागिना कपाटात पडून राहण्यापेक्षा बँकेच्या तिजोरीत राहून घराचे काम करतो. मात्र ते फेडण्याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवावी, नाहीतर दर वर्षी नुसते व्याज भरून नूतनीकरण होत राहते. ‘विनाव्याज हप्ता’ घेताना रोखीचा भाव आधी विचारावा. दुकानदार रोखीवर सूट देत असेल तर ती सूट हेच त्या हप्त्याचे व्याज, आणि वर प्रक्रिया शुल्क.

आता मूळ दुखण्याकडे. हे सगळे चुकते कारण घरात पैसा एकाच डबक्यात साठतो. पगार आला, हप्ता गेला, किराणा आला, मग कुणाच्या तरी लग्नाचा आहेर, मग शाळेची फी. आणि कमी पडले की स्वयंपाकघराकडे बोट.

इंदूरच्या माणसाला याचे उत्तर बाहेरून शिकायची गरज नाही. होळकरांच्या राज्यात ‘दौलत’, म्हणजे राज्याचा खजिना, आणि ‘खासगी’ ही दोन खाती वेगळी होती. १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना पेशव्यांकडून खासगी जहागीर मिळाली. तिचे उत्पन्न राज्याच्या खजिन्यात मिसळत नसे. पुढे ती अहिल्याबाईंकडे आली, आणि देशभरातले घाट, देवळे, धर्मशाळा यांचा खर्च त्यांनी खासगीतून केला. दौलतीचा पैसा दौलतीच्या कामाला. दोन खात्यांतल्या या भिंतीमुळेच एका स्त्रीला आपल्या हक्काचा पैसा आपल्या निर्णयाने खर्चता आला. आपण तिच्या नावाने जयंत्या करतो, पण घरातल्या बाईची खासगी मात्र किराण्यात विरघळवून टाकतो. २०२३ मध्ये महिना १,००० रुपयांनी सुरू झालेल्या लाडली बहना योजनेचे पैसे ज्या घरांत येतात, तिथे पुष्कळदा हेच झाले आहे: तिच्या खात्यात पैसे यायला लागले आणि घरखर्चाला मिळणारे तेवढ्याने घटले. ही बचत नाही, हा तिच्या हक्काच्या पैशावर घातलेला हात आहे.

घरात तीन खाती असावीत. एक दौलत: महिन्याचा खर्च. दुसरे कोठार: वर्षातून एकदा-दोनदा येणारे मोठे खर्च. तिसरी खासगी: घरातल्या प्रत्येक प्रौढाची, मिळवत्याची आणि न मिळवत्याचीही, समान रकमेची, जिचा हिशेब कुणी विचारायचा नाही. ४५,००० उत्पन्नाच्या घरात माणशी हजार रुपये खासगी जड नाही.

कोठाराचा हिशेब असा. शाळेची फी ३६,०००, वर्षाचा गहू ८,०००, विम्याचे हप्ते १४,०००, संपत्तीकर आणि जलकर ६,०००, गणपती आणि दिवाळी १२,०००, गाडीची देखभाल आणि विमा ४,०००. बेरीज ८०,०००. भागिले बारा, ६,६६७. पगार झाला की दुसऱ्या दिवशी इतके पैसे आपोआप वेगळ्या खात्यात जातील अशी सूचना बँकेला द्यावी, आणि त्या खात्याचे ना एटीएम कार्ड ठेवावे, ना ते यूपीआयला जोडावे. पहिल्या वर्षी एक अडचण नक्की येते: एप्रिलची फी येते तेव्हा कोठारात पुरेसे साठलेले नसते. म्हणून सुरुवात जुलैत करावी, फीचा डोंगर सरला की. रोजच्या यूपीआयसाठीही तिसऱ्या बँकेत लहान खाते ठेवून दर सोमवारी ठराविक रक्कम, समजा अडीच हजार, त्यात टाकावी. शुक्रवारी शिल्लक संपली की चहाच्या टपरीवर उभे असतानाच कळते. महिनाअखेर पासबुक पाहून कळण्याचा उपयोग नसतो. कर्जाचे हप्ते महिन्याच्या पाच तारखेच्या आसपास आणून ठेवावेत. एक तारखेचा हप्ता आणि तीन तारखेचा पगार असला की परत गेलेल्या हप्त्याचा दंड बँकही लावते आणि कर्ज देणारी संस्थाही.

बाईच्या कष्टाला आणि कसबाला स्वयंपाकघरात खरे मोल मिळते ते कपातीतून नव्हे, साठवणुकीतून. मार्च-एप्रिलमध्ये नवा गहू छावणीच्या मंडीत येतो. चौघांचे घर महिन्याला वीसेक किलो खाते, म्हणजे वर्षाला दोन क्विंटल चाळीस किलो. किलोमागे चार रुपये वाचले तर साडेनऊशे रुपये. पण त्यातला दहा टक्के गहू किड्यांनी खाल्ला तर चोवीस किलो गेला, आणि वाचवलेल्यातले बहुतेक पैसे गेले. म्हणून जुन्या कोठीत नवा गहू ओतण्यापूर्वी कोठी रिकामी करून, धुऊन, दोन दिवस कडक उन्हात ठेवावी. तळाच्या सांदीतल्या भुसकटातच पोरकिडा आणि सोंडे लपलेले असतात. गहू निवडून पातळ थरात उन्हात घालावा. दाणा दाताखाली कट्कन तुटला तर वाळला. मऊ दबला तर आणखी एक ऊन द्यावे. पूर्ण थंड झाल्यावरच भरावा, कारण गरम गहू झाकणाखाली घाम सोडतो आणि बुरशी तिथून सुरू होते. कडुलिंबाचा पालाही सावलीत खडखडीत वाळवलेलाच घालावा. बाजारात मिळणाऱ्या सल्फासच्या गोळ्या घरात कधीही आणू नयेत. त्यांतून निघणारा वायू झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. गव्हासाठी कर्जही काढू नये. पैसे कोठारात नसतील तर त्या वर्षी दोन-दोन महिन्यांचा घ्यावा.

सियागंजमधून ठोक किराणा आणताना तूरडाळ, साखर, साबण, चहा यांत फायदा होतो. रवा, बेसन, मसाले, दाणे यांत होत नाही, कारण त्यांना जाळी लागते किंवा ते खवट होतात. पाकिटे निवडताना मोठा आकडा पाहू नये. तेलाचे एक लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, पण शेजारी ठेवलेले तसेच दिसणारे पाकीट ८०० किंवा ८५० ग्रॅमचे निघते. पाकिटावर आता ग्रॅममागचा किंवा मिलिलिटरमागचा भावही छापलेला असतो, तोच वाचावा. गॅसची टाकी घेताना वजन करून घ्यावे: टाकीवर लिहिलेले रिकामे वजन अधिक १४.२ किलो. डाळ अर्धा तास भिजवावी, पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करावी, ज्योत पिवळी झाली की बर्नरची भोके सुईने मोकळी करावीत. यापुढे गॅसमध्ये वाचवण्यासारखे फारसे काही नाही.

रविवारच्या सकाळचे पोहे-जिलबी मात्र कापू नयेत. सगळे घर मिळून दीडशे रुपयांत जो आनंद घेते तो गळतीत धरणे चूक आहे. गळती आहे ती आठवड्याच्या मधल्या तीन रात्री ॲपवरून मागवलेल्या जेवणात, जिथे पदार्थाच्या किमतीवर डिलिव्हरी, पॅकिंग आणि प्लॅटफॉर्मचे शुल्क चढते. तिथले खरे कारण आळस नसून थकवा आहे, आणि त्यावरचा उपाय घरातल्या पुरुषाने आठवड्यातून तीन रात्री पिठलं-भात लावणे हा आहे.

बीसी, म्हणजे भिशी, हिला नावे ठेवणारे पुष्कळ. मला ती आवडते. दर महिन्याला ठरल्या दिवशी पैसे काढायची सवय तिच्याइतकी कुणी लावलेली नाही. पण ती चिठ्ठीची असावी, बोलीची नको. सभासद एकमेकींचे घर ओळखणाऱ्या असाव्यात, वही सगळ्यांना दिसावी, आणि हप्ता उत्पन्नाच्या पाच टक्क्यांवर नसावा. बोलीच्या बीसीत, जिथे सर्वांत कमी रकमेवर तयार होणारीला पैसे मिळतात, गरजू बाई सर्वांत आधी आणि सर्वांत तोट्यात उचलते. ठेवी ठेवताना बँक आणि साख सहकारी संस्था, म्हणजे पतसंस्था, यांत फरक करावा. बँकेतल्या, सहकारी बँकेतल्याही, ठेवीला व्याजासह पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. साख संस्थेतल्या ठेवीला ते नाही; नावात ‘सहकारी’ आहे आणि संचालक ओळखीचे आहेत एवढ्यावर निवृत्तीचे पैसे तिथे ठेवू नयेत.

रक्तदाब आणि मधुमेहाच्या रोजच्या गोळ्यांचा खर्च जन औषधी केंद्रात निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटतो. चिठ्ठीवरचे मूळ औषधाचे नाव, मिलिग्रॅम आणि पुढची ‘एसआर’सारखी अक्षरे तिन्ही जुळली पाहिजेत. थायरॉइड आणि फिट्सच्या औषधांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय कंपनी बदलू नये.

यावर रास्त आक्षेप आहे: ज्या घरात महिन्याला पंधरा हजारच येतात, तिथे कोठार कुठून भरायचे? त्या घराला काटकसर शिकवायला जाऊ नये. ते कोणत्याही सल्लागारापेक्षा जास्त काटकसर आधीच करते आहे. त्याला हवे ते स्वतंत्र मीटर, जवळचे जन औषधी केंद्र आणि कार्डाचे व कर्जाचे कागद हिंदी-मराठीत मोठ्या अक्षरांत. किमान देयच भरत राहिल्यास फेड किती लांबेल याचा इशारा स्टेटमेंटवर छापण्याचा नियम आहे, पण तो बहुधा इंग्रजीत, बारीक टाइपात, शेवटच्या पानांवर असतो. याच शहराने कचरा ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सॅनिटरी आणि घातक असा सहा भागांत वेगळा करायची सवय घराघरांत नेली, कारण गाडी रोज दारात आली आणि तीच गोष्ट रोज सांगितली गेली. बिल कसे वाचावे हेही वॉर्डावॉर्डांत तितक्याच चिकाटीने सांगता येईल.

घरापुरते करायचे ते महिन्यातून एकदा, सात तारखेच्या आत, जेवणानंतर अर्धा तास. समोर कागद चारच: विजेचे बिल, कार्डाचे स्टेटमेंट, कोठाराच्या खात्याचे पासबुक आणि यूपीआयची महिन्याची यादी. पगाराचा आकडा सगळ्यांना माहीत हवा. तो लपवून बाकीचा हिशेब मागण्याला अर्थ नाही. वाचायचे काम दर महिन्याला वेगळ्या माणसाने करावे, म्हणजे अकरावीतल्या मुलीला कार्डाचे व्याज मांडता येते आणि आजींना विजेच्या बिलावरचे मागचे-पुढचे रीडिंग. खासगीची खाती या बैठकीत उघडायची नाहीत.